अकरावी-बारावी कुठे गेली?

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे निघालेल्या घरांत आता पहिला प्रश्न असतो : क्लास कोणता? कॉलेज कोणतं, हा प्रश्न त्याच्या मागून येतो आणि त्याचं उत्तरही बहुतेकदा क्लासवालेच देतात. आमचं अमुक कॉलेजशी टाय-अप आहे, तिथे नाव घाला, जायची गरज नाही. नाव एका ठिकाणी आणि मूल दुसऱ्या ठिकाणी. कोणी याला इंटिग्रेटेड म्हणतं, कोणी सरळ डमी म्हणतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हजेरीपटावरची नावं आणि बाकांवरची डोकी यांचा मेळ जुलै संपेपर्यंत कसाबसा टिकतो. माझी भाची याच वाटेने गेली. नाव एका कॉलेजात, दोन वर्षं लातूरच्या ट्यूशन एरियात, मग नीटची प्रवेश परीक्षा, मग शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आता ती इंटर्न आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत जातोय आणि त्याला कुठे घालायचं यावरून आमचा जुना वाद परत निघाला. तो इथे मांडतोय, कारण क्लासच्या विरोधात मी स्वतः पुष्कळ बोललो आहे. पण क्लासमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलीचं म्हणणं कोणी नीट लिहून काढलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

“मामा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे,” ती म्हणाली. “कॉलेजं ओस पडली, प्रयोगशाळांना कुलपं लागली, लेकरं फक्त पर्याय निवडायला शिकली. पण मी तुमच्या कॉलेजात आले असते तर मला शिकवलं कोणी असतं?”

“मी शिकवलं असतं.”

“फिजिक्स तुम्ही. केमिस्ट्री?”

रसायनशास्त्राची जागा आमच्याकडे भरलेली नाही. तासिका तत्त्वावर एक जण येतात. चांगलं शिकवतात, पण मानधन उशिरा मिळतं आणि घर चालवायला ते आणखी दोन ठिकाणी तास घेतात. हे तिला माहीत होतं म्हणूनच तिने विचारलं होतं.

“मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावी झाले,” ती पुढे म्हणाली. “गणित-विज्ञान सगळं मराठीतून. अकरावीला एकदम इंग्रजी. पहिल्या महिन्यात पुस्तक उघडलं की रडू यायचं. विषय अवघड नव्हता हो, वाक्यच कळायचं नाही. क्लासमध्ये आमचे बायोलॉजीचे सर आधी सगळं मराठीतून समजावायचे, मग फळ्यावर इंग्रजीतून लिहायचे. रात्री नऊपर्यंत शंका विचारायला बसायचे. एकच गोष्ट तीनदा विचारली तरी चिडले नाहीत. शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या, घरात पुस्तकं असलेल्या मुलीला कॉलेज बुडवल्याचं फार काही वाटणार नाही आणि क्लास नसता तरीही तिचं अडलं नसतं. माझं अडलं असतं.”

याला उत्तर द्यायचं तर मला थोडं मागे जावं लागलं. लातूर पॅटर्न हे नाव महाराष्ट्रात दुमदुमलं ते क्लासमुळे नव्हे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांमधल्या प्राध्यापकांनी तो घडवला. वेळापत्रकाबाहेर जादा तास घ्यायचे, धडा संपला की चाचणी घ्यायची, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात द्यायची, कुठे किती गुण का गेले ते त्याला समोर बसवून दाखवायचं आणि मग पुन्हा चाचणी. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांतली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली ती या मेहनतीवर. शिकवणी लावायची ऐपत नसलेल्या मुलालाही ते मिळत होतं, कारण ते कॉलेजातच होतं.

“मग ते कॉलेजातून बाहेर का गेलं?” तिने विचारलं.

“परीक्षा बदलली. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचे तोवर कॉलेज केंद्रस्थानी होतं. सीईटी आली. पुढे २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये परत आली. तेव्हापासून एमबीबीएसच्या प्रवेशापुरतं बारावीचं काम उरलं ते पात्रतेचं. त्यात ठरावीक टक्के मिळाले की झालं.”

“म्हणजे कॉलेजने चाचण्या घ्यायचं, पेपर तपासून द्यायचं सोडलं आणि क्लासने ते उचललं. यात क्लासचा गुन्हा काय?”

गुन्हा नाही. पण काहीतरी उचलायचं राहून गेलं, आणि ते काय हे मला तिला दाखवायचं होतं. मी साध्या दोलकाची गोष्ट सांगितली. ती सांगताना माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात.

दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, थोडासा बाजूला नेऊन सोडायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा. एक मीटर लांबीला एका आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. लांबी आणि वेळ हातात आले की सूत्रात घालून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९.८ च्या जवळ यावं, हे मुलांना नववीपासून पाठ असतं. एकदा एका मुलाचं १०.८ आलं. त्याने घड्याळ तपासलं, लांबी पुन्हा मोजली, परत केलं, परत १०.८. बाजूच्या टेबलावरच्यांनी सांगितलं, अरे ९.८ लिही आणि सही घे. त्याने लिहिलं नाही. माझ्याकडे आला. मी म्हटलं, माझ्यासमोर मोज. त्याने गोळा सोडला, त्याच क्षणी घड्याळ सुरू केलं आणि मोठ्याने म्हणाला, “एक.”

तिथेच सगळं होतं. सोडतानाच ‘एक’ म्हटलं की विसाव्या आकड्याला आंदोलनं एकोणीसच झालेली असतात. वेळ पाच टक्क्यांनी कमी भरतो, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे उत्तर जवळजवळ अकरा टक्क्यांनी वाढतं. ९.८ चं १०.८ च्या आसपास होतं. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने दुपारभर बसून ते शोधलं. ‘शून्य’ म्हणून सुरुवात करायची, हे त्याला त्याच्याच आकड्यांनी शिकवलं. त्याच बॅचमधल्या एका मुलीचं ९.७ आलं होतं. तिने दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत नाही. तेही त्या दोघांनी मिळून शोधलं.

“हे अकरावीत व्हायला हवं,” मी म्हटलं. “शाळेत उत्तर पुस्तकात असतं. पुढे पदवीला तुझ्याकडून स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची अपेक्षा असते. या दोहोंच्या मधली दोन वर्षं त्यासाठीच आहेत. आपलं उत्तर चुकीचं आलं तर ते लपवायचं नसतं, त्याच्या मागे जायचं असतं, हे मुलाला कळायचं वय ते. आणि नेमकी तीच दोन वर्षं आपण काढून घेतली.”

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “छान आहे. खरंच छान आहे. पण मामा, तुमच्या एवढ्या वर्षांत असा १०.८ घेऊन किती जण आले?”

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला, कारण तो बरोबर होता. एका मीटर ब्रिजभोवती पाच-सहा मुलं, त्यांतला एक जॉकी फिरवणार, एक लिहिणार, बाकीचे बघणार. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचं आणून उतरवलेलं. उत्तर आधी लिहून त्यावरून निरीक्षणं मागे काढलेली. आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ३० पैकी २८-२९ गुण बहुतेक सगळ्यांना. हे मी रोज पाहतो. ज्या प्रयोगशाळेच्या बाजूने मी बोलत होतो ती कित्येक ठिकाणी क्लास येण्याच्या आधीच आतून पोकळ झाली होती. कुलूप नंतर लागलं.

“आता माझं ऐका,” ती म्हणाली. “आमची दर रविवारी टेस्ट असायची. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. संध्याकाळी उत्तरं मिळायची. सोमवारी सर काय करायला लावायचे? प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायचं. माहीतच नव्हतं, की माहीत असून घाई केली, की प्रश्न अर्धाच वाचला, की दोन पर्यायांत अडकून अंदाज मारला. माझी त्या चुकांची वही अजून आहे. तीन महिन्यांनी मला कळलं की माझ्या चुका न येण्यामुळे कमी होतात, ‘नाही’ हा शब्द न वाचण्यामुळे जास्त होतात. हा माझा १०.८ नव्हता का?”

मी बराच वेळ गप्प होतो. चुकीच्या मागे जाणं हेच जर शिकणं असेल, तर तिने ते केलं होतं, आणि माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा जास्त निष्ठेने केलं होतं. क्लासमध्ये फक्त घोकंपट्टी चालते असं जे सरसकट बोललं जातं ते अन्यायाचं आहे. चांगला शिक्षक कुठेही शिकवतो. तरी एक फरक उरतोच, आणि तो मी तिला सांगितला.

“तुझ्या रविवारच्या पेपरला संध्याकाळी उत्तरं मिळायची. दोलकाला उत्तरपत्रिका नसते. ९.८ पाठ असतं म्हणून मुलं फसवू तरी शकतात. ज्या गोष्टीचं उत्तर कोणालाच माहीत नाही, तिच्यापुढे तू उभी राहशील तेव्हा?”

तिने जे सांगितलं ते माझ्या बाजूचं होतं, आणि तिने ते स्वतःहून सांगितलं. वॉर्डात रात्रपाळीला तीस-चाळीस रुग्णांचा रक्तदाब लिहायचा असतो. झोप अनावर झालेली असते. काही जण पट्टा न बांधताच केसपेपरवर १२०/८० लिहून पुढे जातात. तिनेही एकदा पेन उचललं होतं. वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, आधी मोज, मग लिही. मोजला तर ९० च्या खाली. आतून रक्तस्राव सुरू होता.

“१२०/८० म्हणजे तुमचं ९.८ च,” ती म्हणाली. “पण ते मला सिस्टरांनी एका रात्रीत शिकवलं. मायक्रोस्कोप मी पहिल्या वर्षी पहिल्यांदा हाताळला, आठवड्याभरात जमला. उशिरा शिकलं म्हणून कमी शिकलं असं होत नाही.”

“सिस्टर तिथे नसत्या तर?”

ती काही बोलली नाही. मीही ताणलं नाही. पण मला वाटतं, या वादाचं खरं वजन इथेही नाही. ते तिच्यासारख्या मुलांत नाहीच. तिला दुसरी संधी मिळाली : शवविच्छेदनाचा हॉल मिळाला, वॉर्ड मिळाला, हात धरणारी सिस्टर मिळाली. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखापेक्षा थोड्याच जास्त होत्या. म्हणजे ज्यांच्यासाठी अकरावी-बारावी रिकामी केली गेली त्यांच्यातल्या वीसपैकी एकाला ती जागा मिळते. उरलेल्यांचं काय? मी तिला हेच विचारलं.

“बीएएमएस, बीएचएमएस आहे. फार्मसी, नर्सिंग, ॲग्री आहे. केलेला अभ्यास कुठे वाया जात नाही,” ती म्हणाली. मग स्वतःच थांबली. “माझ्या रूममधल्या तिघींपैकी एक दोनदा रिपीट करून फार्मसीला गेली. एक बीएस्सीला गेली. तिसरीने शिक्षण सोडलं, तिचं लग्न झालं. ती आमच्यात सगळ्यात हुशार होती. तिला चित्रं काढता यायची. पेशीची आकृती अशी काढायची की सर ती वर्गात फिरवायचे. आकृतीला नीटमध्ये गुण नसतात.”

बीएस्सीला येणारी मुलं मला ओळखीची आहेत, कारण आमच्याच आवारात वरिष्ठ महाविद्यालय आहे. ती पहिल्या वर्षाला येतात तेव्हा त्यांच्या हातात ब्युरेट पहिल्यांदा आलेली असते, सलग तीन पानं लिहायची सवय मोडलेली असते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण हरलो आहोत असं त्यांना वयाच्या अठराव्या वर्षी वाटत असतं. दोन वर्षं ज्या एका दारावर त्यांनी धडका दिल्या ते उघडलं नाही, आणि बाकीची दारं त्यांना कोणी दाखवलीच नव्हती. कॉलेजातली अकरावी जशी असायला हवी तशी असली तर ती नेमकी हीच दारं दाखवते. गॅदरिंगमध्ये एकांकिकेचे दिवे सांभाळणारा मुलगा, वार्षिक अंकात पहिली कविता देणारी मुलगी, ग्रंथालयात अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक चुकून उचलणारा कोणीतरी. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने मराठी रंगभूमीला किती माणसं दिली ते आपण कौतुकाने सांगतो. ती सगळी माणसं कॉलेजात जाणारी होती, एवढी साधी गोष्ट मात्र विसरतो.

ती इथे मला थांबवून म्हणाली, “तुम्ही क्लासचं हॉस्टेल पाहिलंच नाही नीट. नांदेडची, परभणीची, बीडची, सगळ्या जातींच्या मुली आम्ही एका मेसमध्ये जेवायचो. घरी मला जे कोणी शिकवलं नसतं ते तिथे शिकले. आजारी मैत्रिणीचा डबा आणणं, महिन्याचे पैसे पुरवणं, रात्री दोनला रडणाऱ्या मुलीजवळ बसणं.”

हे मला मान्यच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा त्यांना कळलेली गोष्ट हीच होती की मूल वर्गाइतकंच वसतिगृहात घडतं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली, एकत्र जेवली, कष्ट करून शिकली. पण त्या वसतिगृहात शिरायला फीची पावती लागत नव्हती. तिच्या दोन वर्षांसाठी माझ्या बहिणीने शेताचा तुकडा विकला. हे मी मोठ्याने बोललो तेव्हा ती म्हणाली, “ते मला रोज आठवतं, मामा. तुम्ही सांगायची गरज नाही.” आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं, ते मी बोलायला नको होतं असं नाही, पण तो मुद्दा तिला उद्देशून नव्हता, तो सरकारला उद्देशून होता. जे शिक्षण अनुदानित कॉलेजात जवळजवळ फुकट मिळायला हवं त्यासाठी जमीन विकावी लागते, याची लाज मुलीने का बाळगायची?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हजेरीचं यंत्र बोट ओळखतं. वर्गात शिक्षक आहे का हे ते विचारत नाही. मुलांना कॉलेजात आणायचं असेल तर आधी रिकाम्या जागा भरा, एवढं साधं काम कुठल्याही आदेशात पहिल्या ओळीत नसतं.

“प्रवेश परीक्षेतच प्रात्यक्षिक घातलं तर?” मी विचारलं.

“पंधरा दिवसांचा क्रॅश कोर्स निघेल,” ती लगेच म्हणाली. “तुमच्या दोलकाची वीस आंदोलनं कशी मोजायची याची पत्रकं वाटतील. नको. तो दोलक परीक्षेत नाही म्हणूनच चांगला आहे.”

हे वाक्य मी लिहून ठेवलं. इतकी वर्षं प्रयोगशाळेसाठी भांडताना मला ते सुचलं नव्हतं. प्रयोगाला गुण असायलाच हवेत, नाहीतर मुलं येणार नाहीत, असं आम्ही शिक्षक गृहीत धरून चालतो. तो १०.८ वाला मुलगा दुपारभर थांबला तेव्हा त्याची सही तर सकाळीच मिळाली असती.

शेवटी गोष्ट आली तिच्या भावावर. तो आतल्या खोलीत होता, आणि त्याला कोणी विचारलं नाही हे आमच्या दोघांच्याही लक्षात उशिरा आलं. बोलावलं. त्याने सांगितलं की त्याला डॉक्टर व्हायचं आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही. त्याला पक्षी आवडतात. गावाबाहेरच्या तळ्यावर हिवाळ्यात कोणते येतात ते तो दोन वर्षं वहीत तारखेनिशी लिहितो आहे. वही त्याने दाखवली. पहिल्या काही पानांवर काही नावं खोडून पुन्हा लिहिलेली होती, बाजूला ‘आधी चुकीचं ओळखलं’ असं लिहून. ती वही त्याच्या बहिणीने माझ्या आधी हातात घेतली आणि पानं उलटत राहिली.

तडजोड झाली ती अशी. तो माझ्याच कॉलेजात येईल, रोज येईल. संध्याकाळी गावातच एका क्लासला जाईल. लातूर नाही, हॉस्टेल नाही. रसायनशास्त्राचं काय अडेल ते त्याची बहीण फोनवर, मराठीतून, बघेल. रविवारची टेस्ट चुकवायची नाही ही तिची अट. गुरुवारचं प्रात्यक्षिक चुकवायचं नाही ही माझी. एखाद्या आठवड्यात क्लासने टेस्ट गुरुवारीच ठेवली तर काय करायचं, यावर ती आणि मी अजून भांडतो आहोत.